टाळ्या त्याला, मग मला काय?

ताई,

माझं वय ४१. मिस्टर एमआयडीसीत फिटर आहेत. लग्नाला १८ वर्षं झाली, त्यातली १४ दारूत गेली. गेल्या वर्षी गटारीच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घेतलेली नाही. आधी आम्हाला वाटलं, श्रावण पाळतायत. श्रावण संपला, गणपती गेले, दिवाळी गेली, थर्टीफर्स्टही गेला. नाही घेतली.

मग माझी तक्रार काय, असं सगळेच विचारतात. दर रविवारी संध्याकाळी त्यांची मीटिंग असते, दारू सोडलेल्या माणसांची, शाळेच्या वर्गात. साडेसहाची मीटिंग, पण पाचलाच अंघोळ, इस्त्रीचा शर्ट. परत येतात साडेनऊ-दहाला. आठवड्याची एकच सुट्टी, तीही तिथेच. फेब्रुवारीत माझ्या भाचीची हळद होती, तर म्हणाले मीटिंग करून येतो. वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "दाजींना आता मीटिंगची नशा लागली."

तिथे परक्या माणसांना आमच्या घरातलं सगळं सांगतात आणि मी विचारलं की म्हणतात, तिथलं तिथेच. सासूबाई म्हणतात, पांडुरंगाची माळ घाल आणि घरात बस. मुलगा तेरा वर्षांचा आहे, बापाशी कामापुरतं बोलतो. नऊ महिन्यांचं मेडल मिळालं ते त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलंय, बाळकृष्णाच्या शेजारी. पूजा मी करते. रोज ते दिसतं आणि डोकं फिरतं.

आता वर्ष पूर्ण होईल. त्या दिवशी केक कापतात, टाळ्या वाजवतात. मला म्हणतायत, तू ये आणि दोन शब्द बोल. ताई, चौदा वर्षं मी शिलाई मशीनवर घर चालवलं. गळ्यातलं मोडलं, फिया भरल्या. माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही. मी का जाऊ? आणि दारू सुटली आहे तर मीटिंग अजून किती वर्षं? की माझंच काही चुकतंय?

एक वाचक, नाशिक (नाव छापू नये)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने, स्वयंपाकघरात. माझा नवरा ओट्यापाशी लसूण सोलत बसला होता. देव्हाऱ्यातल्या मेडलपर्यंत आले तेव्हा तो म्हणाला, "हे तुझंच जुनं पत्र ना?" माझं नव्हतं, पण असू शकलं असतं. तुमचा रविवार आहे, आमचा गुरुवार होता, एवढाच फरक. बावीस वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा त्या खोलीत गेला, आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं मी गुरुवारावर जेवढी चिडले तेवढी त्याच्या बाटलीवरही चिडले नव्हते. बाटलीवर चिडायची मुभा होती. नातेवाईक, शेजारी, सगळे माझ्या बाजूने होते. मीटिंगवर चिडले की तेच लोक म्हणायचे, अगं सुधारलाय ना तो, आता आणखी काय हवंय तुला?

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. तुमचं काही चुकत नाहीये.

या रागाला तर चांगला जुना इतिहास आहे. तुमचे मिस्टर जातात तशा मीटिंगांची पद्धत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे ए.ए.ने सुरू केली. १९३५ साली अमेरिकेत, ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी, बिल विल्सन नावाचा न्यू यॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ नावाचे सर्जन भेटले. दोघेही दारूने बुडालेले. बिलची काही महिन्यांपूर्वी थांबली होती, डॉक्टरांची थांबत नव्हती. दारुड्याने दारुड्याशी बोलत राहिलं की आजचं पिणं टळतं, हे त्यांना तिथे उमगलं. भारतात या मीटिंगा १९५७ पासून आहेत. आता बिलच्या बायकोचं ऐका. तिचं नाव लोइस. नवरा पीत होता त्या वर्षांत तिने दुकानात नोकरी करून घर ओढलं. आज ना उद्या आपल्या मायेने हा सोडेल म्हणून वाट पाहिली. आणि शेवटी सुटली ती तिच्यामुळे नाही! हा आपला रोज संध्याकाळी इतर दारुड्यांमागे फिरतोय, त्यांना घरी आणतोय, जेवू घालतोय, ठेवून घेतोय. एक दिवस तो सहज म्हणाला, आवर, मीटिंगला उशीर होईल. लोइसच्या हातात बूट होता. तो तिने त्याच्यावर फेकला आणि म्हणाली, खड्ड्यात गेल्या तुझ्या मीटिंगा.

हे तिने स्वतःच पुढे सांगून ठेवलंय. बूट हातातून सुटल्यावर सगळ्यात जास्त दचकली ती स्वतः.

तुमच्या हातात बुटाऐवजी पेन आलं. मला पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य टाळ्यांचं वाटलं. बाकीच्या तक्रारी, म्हणजे हळद, साडेनऊ-दहा, वहिनीचं बोलणं, या खऱ्या आहेत पण त्या टाळीच्या पोटातल्या आहेत. जे मुळात करायलाच नको होतं ते केलं नाही म्हणून माणसाला मेडल मिळतं. आणि जे करायला हवं ते तुम्ही चौदा वर्षं रोज केलंत, त्याचं मेडल कुणी काढत नाही, कारण त्याचा पहिला दिवस कुठला धरायचा? त्याची तारीख सगळ्यांना पाठ आहे. तुमची तारीखच नाही. हे टोचतं. टोचायलाच हवं. ते टोचणं बाजूला न ठेवता पुढचं वाचा.

त्या वर्गात काय चालतं ते सांगते, कारण तुम्हाला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. काही मीटिंगा फक्त त्यांच्यासाठी असतात, काही खुल्या असतात, त्यांना घरचे जाऊ शकतात. मी पहिल्यांदा अशा एका खुल्या मीटिंगला गेले ती पुरावा शोधायला गेल्यासारखी. शाळेचाच वर्ग. बाक तिसरी-चौथीच्या मुलांच्या मापाचे, त्यामुळे पन्नाशीची माणसं गुडघे बाहेर काढून तिरकी बसलेली. फळ्यावर सकाळचा गुणाकार तसाच. नकाशाच्या खिळ्याला बारा पायऱ्यांचं, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या ए.ए.च्या बारा टप्प्यांचं, कापडी बॅनर अडकवलेलं, मीटिंग संपली की गुंडाळून पिशवीत. एकेक जण उभा राहतो, फक्त पाळण्यातलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो, बाकीचे नमस्कार म्हणतात. मग तो पाच-सात मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही. सल्ला देत नाही, उलटतपासणी करत नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. फी नाही. पिणं थांबवायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. मग शांतीची प्रार्थना, मग चहा. मी मनात म्हटलं, एवढंच? ह्यासाठी मला घरी टाकून येतो हा?

त्या दिवशी एक ड्रायव्हर बोलला. म्हणाला, "आज पगार झाला. नेहमीच्या रस्त्याने आलो नाही, तिकडे तो बार लागतो. मागून वळसा घालून आलो. साठ रुपयांचं पेट्रोल जास्त गेलं." आणि सगळी खोली खदाखदा हसली. मी हसले नाही. मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. घरी येताना नवरा स्कूटरवर म्हणाला, तो वळसा आम्ही सगळ्यांनीच घातलाय. मी विचारलं, तू कधी घातलास? तर म्हणाला, परवा.

परवा! आणि मला माहीत नव्हतं. रात्रभर मला झोप नाही. हा बारच्या रस्त्यावरून उलटा फिरतो म्हणजे याच्या मनात अजून आहेच की. पुढचे पंधरा दिवस मी त्याचे खिसे तपासले. वळशाचं तो मला का सांगत नव्हता, याचं उत्तर माझ्या त्या पंधरा दिवसांत होतं. बायकोला "आज प्यावंसं वाटलं" असं सांगितलं की तिच्या पोटात गोळा येतो. येणारच, तिने ते भोगलंय. तिथे तेच वाक्य सांगितलं की तीस माणसं हसतात आणि कुणीतरी चहाचा कप पुढे करतो. आपण कितीही समजूतदार झालो तरी त्या वाक्यावर आपल्याला हसता येत नाही, आणि तसं आपल्याकडून कुणी मागूही नये. "तिथलं तिथेच" म्हणतात त्यात एवढाच अर्थ आहे. तुमची उणीदुणी काढायला ते जात नसावेत. तिथली रीत स्वतःबद्दल बोलायची आहे. अर्थात स्वतःबद्दल बोलताना घर येतंच. माझ्या नवऱ्याने आमच्या मुलीचा मातीचा गल्ला फोडला होता, हे त्या खोलीने माझ्याआधी ऐकलं. मांजराने पाडला असं मला वाटत होतं. कळलं तेव्हा मला जे वाटलं त्याला मी आजही काही छान नाव देणार नाही. मला पुष्कळ नंतर, त्यांच्या नवव्या पायरीवर सांगितलं. ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याकडे जाऊन भरपाई करायची, अशी ती पायरी. तुमच्या घरी ती अजून यायची असेल. घाई करून मागू नका. मागून घेतलेली माफी म्हणजे उसनवारी.

आता "अजून किती वर्षं." तुमच्या सासूबाईंनी पांडुरंगाचं नाव काढलंच आहे तर तेच उदाहरण घेते. माळ घालून दारू सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, चांगली ठणठणीत. पण माळकरी माणूस माळ घालून घरात बसतो हे सासूबाईंना कुणी सांगितलं? तो एकादशीला भजनाला बसतो, आषाढीला चालत निघतो, दिंडीत त्याची ठरलेली जागा असते. पंढरपूर पाहून झालं, आता अजून किती वर्षं वारी, असं त्याला आपण विचारत नाही. माळ आणि मीटिंग यांचं भांडण नाही. दोन्हीकडे माणूस एकटा राहत नाही, हे त्यातलं औषध.

आणि औषध म्हणून ते कितपत चालतं हेही तपासून झालंय. कोक्रेन म्हणजे उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था, तिने २०२० साली २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, असं सगळं एकत्र पाहिलं. ए.ए.च्या वाटेवर नीट लावून दिलेल्यांपैकी वर्षभराने पूर्ण कोरडे होते १०० मधले ४२. दुसरे उपचार घेतलेल्यांपैकी ३५. फरक बघा, आणि दुसरं पण बघा: त्या शंभरातले निम्म्याहून जास्त कोरडे राहिले नाहीत. म्हणून गटारीपासून गटारीपर्यंतचं तुमच्या घरातलं वर्ष मी किरकोळ समजत नाही. त्या लोकांत "सुटली" म्हणत नाहीत, "थांबली आहे" म्हणतात. फक्त आजचा दिवस. ऐकायला चिडचिड होते, मला माहीत आहे.

आमच्याकडे तिसऱ्या वर्षी "सुटली" म्हणून झालं. घराला रंग काढला होता. रंगारी गुरुवारीच यायचे, मी म्हटलं, चार आठवडे नाही गेलास तर काही बिघडत नाही, तोही म्हणाला, छे, आता कशाला. पाचव्या आठवड्यात तो एका मुंजीला गेला आणि तिथून रात्री दोनला रिक्षावाल्याने आणून सोडला. नवीन रंगवलेल्या भिंतीला हात टेकत आत आला, पिस्ता रंगावर पाच बोटं. माझ्यामुळे प्यायला असं मी म्हणत नाही. तो मी गुन्हा कबूल करत नाही आणि तुम्हीही तुमच्या अंगावर कधी घेऊ नका. ग्लास त्याच्या हातात होता. पण मीटिंग म्हणजे जादा आहे, सवडीने करायची गोष्ट आहे, हे माझं त्या रात्रीनंतर गेलं. तो परत मीटिंगला गेला तेव्हा तिथे दाराशी बसणाऱ्या म्हाताऱ्याने काही विचारलं नाही. सरकून जागा दिली. दिवस पुन्हा एकपासून.

आता तुमच्या बाजूने बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई फुटली. साडेसहाची मीटिंग दीड तास चालते. आठला संपते. दहापर्यंत कुठे असतात? मला ठाऊक आहे कुठे असतात: शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर. ती टपरीही अगदीच फालतू नसते, नवीन आलेला माणूस आत तोंड उघडत नाही तो तिथे उघडतो. पण दोन तास रोज नवीन माणूस येत नाही. मीटिंगला हात लावू नका, टपरीवर वाटाघाट करा. साडेआठला घरी, महिन्यातून एकदा उशीर चालेल, असं काहीतरी. शिवाय मोठ्या गावात मीटिंगा रोज कुठे ना कुठे असतात. नाशिकमध्ये आठवड्याच्या मधल्या वाराची एखादी सापडेल. हळद-लग्न-बारसं असेल त्या आठवड्यात ते तिकडे जाऊ शकतात, आणि हे त्यांच्या लक्षात आलं नसेल तर तुम्ही आणून द्या. रविवार सकाळ तुमची मागून घ्या, भांडून घ्या. काही पुरुष दारू सोडतात आणि घरकाम सोडायला आणखी एक कारण मिळवतात, तेही मी पाहिलंय. चांगल्या कामाला चाललोय म्हटलं की भाजी आणायची राहिली तरी चालते, असं त्यांना वाटतं. चालत नाही.

हळदीचं मात्र मी वेगळं बघते. हळदीच्या रात्री मांडवामागे काय चालतं हे तुम्हाला मी सांगायला नको. "एका बियरनं काय होतंय दाजी" म्हणणारा एक तरी भेटतोच, आणि तो वहिनीच्याच बाजूचा असतो. ते आधी मीटिंग करून आले, ही त्यांनी केलेली तयारी होती. वहिनीला पुढच्या वेळी एवढंच सांगा, हो, लागलीय, आणि ही नशा करून माणूस घरी येतो चालत.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहू नये असंच असतं ते: दार उघडताना तुम्ही वास घेता ना? हातातली पिशवी घ्यायच्या निमित्ताने जरा पुढे झुकून? मी सहा वर्षं घेतला. त्याला कळत होतं, मला कळत होतं त्याला कळतंय, आणि दोघंही पिशवीबद्दल बोलायचो. विश्वासाला त्यांच्या वर्षाहून जास्त वेळ लागेल. तुमचा मुलगाही तेच करतोय, फक्त तो वास घेत नाही, गप्प बसतो. त्याला "बाबा बघ किती सुधारलेत" म्हणून पुढे ढकलू नका. बाप आठ-दहा महिने वेळेवर घरी येतोय हे तेरा वर्षांचा मुलगा मोजत असतो, सांगत नाही. आणि एक कडक गोष्ट. मागे कधी हात उगारला असेल आणि तो पुन्हा उगारला गेला, तर तो दारू न पिता उगारला म्हणून कमी होत नाही. त्यासाठी १८१ हा महिलांचा नंबर आहे. मीटिंगमधल्या कुणाला मध्यस्थीला बोलवत बसू नका.

लोइसची गोष्ट अर्धी राहिली. बूट फेकल्यावर तिला दिसलं की याच्याबरोबर येणाऱ्या सगळ्यांच्या बायका खाली गाडीत, नाहीतर स्वयंपाकघरात ताटकळत बसलेल्या असतात, आणि त्यांच्या पोटात हेच आहे. १९५१ साली तिने अ‍ॅन नावाच्या मैत्रिणीला घेऊन या घरच्यांसाठी वेगळा गट उभा केला, अल-अनॉन. महाराष्ट्रातही त्यांच्या बैठका होतात. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलं, तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. तुमच्या मिस्टरांनाच विचारा, गटातल्या बायका कुठे भेटतात. त्यांना नक्की ठाऊक असेल, आणि तुम्ही विचारलंत म्हणून बहुधा जरा घाबरतीलही.

मी गेले ती नवरा पुन्हा प्यायल्यानंतर, लाजेकाजेस्तव. शेजारचाच वर्ग. सात बायका. एक बाई पिशवीतली मेथी निवडत बोलत होती, एकेक पान खुडत. म्हणत होती, "तो प्यायचा तेव्हा घरात सगळे निर्णय माझे होते. आता विचारतो, वीजबिल किती आलं? मला राग येतो. तू कोण विचारणारा?" मी खुर्चीतच सरळ बसले. गेली तीन वर्षं मला नेमकं हेच होत होतं आणि मी त्याला गुरुवार म्हणत होते. तिथे मी पुढे चार वर्षं नियमित गेले, मग कधीमधी. मला मेडल मिळालं नाही. मेथी मात्र बऱ्याचदा निवडायला मिळाली, आणि गळ्यातलं मोडलं त्या दिवशीची सगळी हकिगत, सराफाच्या काट्यापासून बसच्या तिकिटापर्यंत, मी पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत तिथे सांगितली. कुणी मध्ये बोललं नाही. तुमच्या मिस्टरांना तिथे काय मिळतं ते मला मीटिंग पाहून कळलं नव्हतं, ते त्या दिवशी कळलं.

या सदराला येणाऱ्या निम्म्या पत्रांतले नवरे अजून पितायत, म्हणून त्यांच्यासाठी मध्येच दोन ओळी. चहात, भाजीत कळू न देता घालायच्या पावडरी मागवू नका. त्यांत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. दारू सोडवायची जी खरी गोळी आहे, डायसल्फिरम, ती पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं. ती त्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची. रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम घरात कोंडूनही बंद करू नका. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात. आधी डॉक्टर, मग मीटिंग. जवळ काही सापडत नसेल तर व्यसनमुक्तीचा सरकारी फोन १४४४६ आहे, आणि स्वतःचंच मन थाऱ्यावर नसेल तर टेली-मानस, १४४१६.

तर तो वर्षपूर्तीचा केक, म्हणजे त्यांचा वाढदिवस. जा, असं मी म्हणेन, पण तुमच्या अटीवर. आधी घरी सांगून टाका की मी कौतुक करायला येत नाहीये, मला जे वाटतं ते बोलेन किंवा बोलणार नाही. बोलायचं नसेल तर केक खाऊन या, त्यात काही कमीपणा नाही, पुष्कळ बायका नुसत्या हात जोडून खाली बसतात. माझ्या वेळी मला पुढे बोलावलं तेव्हा मी पाठ करून गेले होते, सगळ्यांचे आभार वगैरे. उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "याचं वर्ष झालं. माझं मंगळसूत्र अजून सराफाकडेच आहे." आणि खाली बसले. खोली गार. नवरा पायाच्या अंगठ्याकडे बघतोय. मग मागच्या बाकावरून, दाराशी बसणारा तो म्हातारा, त्याने एकट्याने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. ती टाळी मला होती हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. मंगळसूत्र पुढच्या दिवाळीला आलं, हप्त्याने.

तुमच्या वर्गात असंच होईल असं नाही. पण त्या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी मशीन चालवलेलं आहे, आणि त्यांना ते माहीत आहे. तुम्ही चौदा वर्षं म्हणालात की ते कुणाकडे वळून बघणार नाहीत, खाली बघतील.

राहिलं देव्हाऱ्यातलं मेडल. काढायला सांगा. पूजा तुम्ही करता, तिथे काय असावं हे तुम्ही ठरवा. फक्त स्वतः उचलून कुठे ठेवू नका, जागा त्यांनाच शोधू दे. आमचं आधी शोकेसमध्ये होतं, मग टीव्हीवर, मग तो पुन्हा प्यायला तेव्हा वर्षभर कुठे होतं ते मला माहीत नाही. आता चमच्यांच्या खणात असतं. डाव शोधताना हाताला लागतं.